नवीन चौक झाला, पण बसतं कोणीच नाही. नेमकं काय चुकतं?

टपरीवाला_बंड्या

मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी मदत करा.

आमचं तालुक्याचं गाव (नाव देत नाही, उगाच कोणीतरी ओळखीचं निघायचं). जुन्या एसटी स्टँडसमोर एक मोकळी जागा होती, म्हणजे मोकळी कसली, मध्ये पिंपळ, त्याला दगडी पार, दोन चहाच्या टपऱ्या, एक चप्पल शिवणारे काका, बाजूला रिक्षा. अस्वच्छ होती हे मान्य, पावसात चिखल व्हायचा. मागच्या टर्ममध्ये नगरपालिकेने तिथे सुशोभीकरण केलं. सगळीकडे गुळगुळीत ग्रॅनाइट, मधोमध कारंजं, हायमास्ट, चारी बाजूंनी स्टीलचं रेलिंग आणि आत जायला एकच गेट, आणि हो, ती 'आय लव्ह अमुक' वाली लाल अक्षरं पण आहेत. पिंपळ ठेवलाय पण पार तोडून त्याच्याभोवती जाळी लावली. उद्घाटनाला काय गर्दी, ढोल काय, लेझीम काय.

आता तिथे कुत्रं पण बसत नाही. लोक कुठे बसतात माहितीये? समोरच्या मेडिकलच्या पायऱ्यांवर, एटीएमच्या कट्ट्यावर आणि लावलेल्या गाड्यांच्या सीटवर. म्हणजे बसायची हौस आहे लोकांना, फक्त जिथे पैसे घातले तिथे नाही. गावातले शहाणे म्हणतात आपल्या लोकांना कदरच नाही, कितीही चांगलं करून द्या.

आता दुसऱ्या टप्प्याचा निधी आलाय म्हणे आणि नागरिकांची बैठक लावलीये. मला बोलायचंय तिथे, पण नुसतं 'आधीचंच बरं होतं' म्हटलं तर हसतील. काय मुद्दे मांडू?

रेषाकार

चांगला धागा. मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस.

पहिली गोष्ट, ते 'लोकांना कदर नाही' सोडून द्या. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली नियम आला की इमारतीसमोर लोकांसाठी मोकळी जागा सोडली तर दर चौरस फुटामागे बिल्डरला १० चौरस फूट जास्तीचं बांधकाम मिळेल. आता एवढा सौदा कोण सोडणार, मोकळ्या जागाच जागा झाल्या आणि त्यातल्या कितीतरी ओसाड पडल्या. तिथे कदर-बिदर प्रश्न नव्हता, मॅनहॅटनमध्ये माणसांची काय कमी? मग विल्यम व्हाइट नावाचा माणूस (हा मूळचा पत्रकार, आर्किटेक्ट नाही, आमच्या जमातीतल्या कोणाला हे सुचलं नाही याची मला थोडी लाजच वाटते) ७०च्या दशकात पोरांची टीम घेऊन, गच्च्यांवर कॅमेरे लावून तासन् तास बघत बसला की लोक नक्की कुठे टेकतात. ऊन, जागेचा आकार, डिझाइनची सुबकता, सगळं तपासलं आणि शेवटी जे निघालं ते इतकं साधं होतं की त्याचं त्यालाच हसू आलं असेल. जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात.

पण बसायला जागा म्हणजे फक्त बाक नाही. पायरी, कठडा, झाडाच्या आळ्याची कड, साधारण फूट ते तीन फूट उंचीचं काहीही चालतं आणि खोली एवढी असेल की दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसता येईल तर उत्तमच. तिथल्याच सीग्राम बिल्डिंगसमोरची जागा (१९५८, आर्किटेक्ट मीस व्हान डर रोहे) गजबजलेली असायची ती तिथल्या बाजूच्या कठड्यांमुळे आणि पायऱ्यांमुळे, ते काही बसण्यासाठी म्हणून खास केलेले नव्हते. या सगळ्या अभ्यासातून १९७५ मध्ये न्यूयॉर्कचा नियमच बदलला, दर ३० चौरस फूट जागेमागे एक फूट लांबीची बसायची जागा असलीच पाहिजे. तुमच्या चौकाचं क्षेत्रफळ काढा, त्याला ३० ने भागा आणि आत्ता टेप लावून बघा किती फूट बसायची जागा आहे. बैठकीत हा एक आकडा सांगितलात तरी पुरे, आकड्याला लोक हसत नाहीत.

दुसरं म्हणजे रेलिंग. मोकळी जागा रस्त्याला चिकटून असली, चालता चालता सहज आत पाय पडला पाहिजे असं असलं तर ती वापरात येते. एकच गेट म्हणजे वळसा. वळसा घालून बसायला फक्त प्रेमी युगुलं जातात, आणि मग त्यांच्या नावाने बोंब.

तिसरं खाणं, पण त्यावर इथे भांडण होणार हे मला दिसतंय म्हणून थांबतो.

कट्टेकरी_दादर

रेषाकारांना +१.

आमच्याकडे शिवाजी पार्क बघा. १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने नाव बदललं, पण ते जाऊदे. मैदानाला सगळीकडून जो बुटका कट्टा आहे ना, एक किलोमीटरहून जास्त लांब, त्याच्याएवढी साधी वस्तू शोधून सापडणार नाही. त्याला ना पाठ ना हात, रंग उडालेला, पण तुम्ही मैदानाकडे तोंड करून बसा, मॅच बघा, रस्त्याकडे तोंड करून बसा, माणसं बघा, कंटाळा आला की पाय दुसरीकडे टाका, झालं. बाकावर तुम्हाला कोणीतरी ठरवून दिलेल्या दिशेला बघावं लागतं. सकाळी वॉकवाले आजोबा, दुपारी कॉलेजची पोरं, संध्याकाळी क्रिकेट सुटलं की किटबॅग टाकून बसलेली मुलं आणि रात्री जेवून आलेली कुटुंबं, एकाच कट्ट्यावर शिफ्ट लागल्यासारखी. वर पर्जन्यवृक्षांची सावली. आणि कोणी कोणाला विचारत नाही की किती वेळ बसणार.

मरीन ड्राइव्हचं पण तेच, फक्त सावली नाही म्हणून दुपारी जरा सामसूम आणि उन्हं कलली की मुंग्यांसारखी माणसं. समुद्राकडे किंवा गाड्यांकडे, काय बघायचं ते बघा.

तुमचा तो दगडी पार तोडला ही खरी माती खाल्ली. तो पण गोल, चारी दिशांना बसता येणारा.

ओव्हरसियर

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नोकरी केली, आता निवृत्त. सगळे ठेकेदार आणि नगरसेवकांना शिव्या घालणार त्याआधी थोडं आतलं सांगतो.

निधी येतो तो भांडवली कामाला येतो. देखभालीला वेगळा पैसा नसतो, असला तर तो पाणीपुरवठा आणि पगारातच संपतो. त्यामुळे एस्टिमेट करताना असं काहीतरी धरावं लागतं की जे मोजता येतं, मोजपुस्तिकेत लिहिता येतं, बिल निघतं आणि नंतर त्याच्याकडे बघावं लागत नाही. ग्रॅनाइट चौरस मीटरमध्ये मोजता येतो. रेलिंग रनिंग मीटरमध्ये. सावली कशात मोजणार? रोप लावलं तर ते तीन वर्षं जगवायचं कोणी, टँकर कोणाचा? कारंज्याचं म्हणाल तर ते उद्घाटनापुरतंच असतं हे आम्हाला पण माहीत असतं, मोटर जळते, विजेचं बिल कोणी मंजूर करत नाही, मग टाकीत डास होतात म्हणून आरोग्य विभागच ती कोरडी करायला सांगतो.

आणि बाक आम्ही लावलेच नाहीत असं नाही हो. मी स्वतः लावलेत. मग अर्ज येतात, तिथे दारुडे झोपतात, पोरं मोबाइल घेऊन बसतात, टवाळखोरी चालते, बाक काढा. आसपासचे दुकानदार सह्या गोळा करतात. नगरसेवक म्हणतो काढून टाक बाबा, कटकट नको. काढलेला बाक कुठे जातो ते विचारू नका, एखाद्याच्या फार्महाऊसवर सापडतो.

त्यामुळे डिझाइन चुकलं वगैरे ठीक आहे, पण डिझाइन असं होतं याला कारणं आहेत.

टपरीवाला_बंड्या

@ओव्हरसियर काका, हे कोणीच सांगत नाही, धन्यवाद. टवाळखोरीचा मुद्दा आमच्याकडे पण हमखास निघणार. त्याला काय उत्तर द्यायचं?

जर्सीकर

याला माझ्याकडे उत्तर आहे कारण माझं ऑफिस न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कपासून चालत अंतरावर आहे आणि बरं हवामान असलं की डबा तिथेच खातो.

आज बघितलं तर विश्वास बसणार नाही पण ७०च्या दशकात ही जागा गर्द विकणाऱ्यांची होती, लोक लांबून वळसा घालून जायचे. पार्क रस्त्यापेक्षा उंचावर, बाहेरून उंच झुडपांच्या भिंती आणि लोखंडी कुंपण, आत जायला मोजक्या वाटा. म्हणजे शांत निवांत वाटावं म्हणून केलेलं सगळं, आणि त्याच आडोशाचा फायदा धंदेवाल्यांनी घेतला. तेव्हा वर ज्यांचं नाव आलंय त्याच व्हाइटना सल्ला विचारला होता आणि त्यांनी आणखी पोलीस, आणखी कुंपण असं न सांगता बरोबर उलटं सांगितलं की उघडं करा. झुडपं काढा, वाटा वाढवा, बाहेरून आतलं दिसू द्या. नकोशी माणसं हा मूळ प्रॉब्लेम नाहीच, त्यांना घालवायला म्हणून जे उपाय करतात त्यांनी बाकीचे सगळे पळतात आणि नकोशी तेवढी राहतात, असं त्यांचं म्हणणं. १९८८ ला पार्क बंद करून काम सुरू केलं, १९९२ ला उघडलं. खाण्याचे स्टॉल आले, स्वच्छतागृह चकाचक केलं (खरंच, ताजी फुलं ठेवतात आत), आणि सुट्या खुर्च्या ठेवल्या, हिरव्या, घडीच्या, कशालाही न बांधलेल्या.

या खुर्च्यांची एक मजा आहे. माणूस खुर्ची बरोबर जागेवर असली तरी बसायच्या आधी ती दोन इंच सरकवतोच. काही गरज नसते. मी पण करतो. ती सरकवली की 'माझी' झाली. उन्हात ओढा, सावलीत ओढा, चौघं आले तर गोल करा, एकटं बसायचं असेल तर पाठ फिरवा.

सरळसोट

आमच्याकडे ठेवा सुट्या खुर्च्या. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात दिसतील 😂

जर्सीकर

हाहा, मान्य. तिथे पण लोकांना हीच भीती होती, पण माणसांचा राबता असला आणि लक्ष ठेवणारा कोणीतरी पगारी असला की फारशा जात नाहीत. पण ते पार्क एक खाजगी ना-नफा कंपनी चालवते, तिच्याकडे पैसा आहे, त्यामुळे तुमच्या गावात जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाहीये. उघडं करणं मात्र फुकट आहे. रेलिंग कापायला कितीसा खर्च येतो?

संध्याकाळ_७

इतका वेळ सगळे पुरुष बोलतायत म्हणून मी येते :)

मला एक सांगा, तुमच्या चौकात आणि त्या मेडिकलच्या पायऱ्यांवर पण, बायका किती बसतात? कारण गावाकडे चौक म्हणजे पुरुषांनी बसायचं आणि बायकांनी खाली मान घालून भरभर पार करायचं ठिकाण. जुना पार सगळ्यांना एवढा गोड आठवतोय पण माझ्या आजोळच्या पारावर मी माझ्या आईला कधी बसलेलं बघितलं नाही. देवळाच्या ओट्यावर बसायच्या बायका, ते पण कीर्तन असेल तर. त्यामुळे 'पार परत बांधा' एवढंच मागू नका प्लीज.

जर्सीकरांनी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या व्हाइटनी हे पण नोंदवलं होतं की जागा चांगली आहे की नाही हे ओळखायचं असेल तर तिथे बायकांचं प्रमाण बघा, कारण बायका जागा जास्त चोखंदळपणे निवडतात. मला हे वाचून हसू आलं, चोखंदळ म्हणजे काय, आम्हाला आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवावी लागते. एक गेट असलेल्या जागेत मी संध्याकाळी एकटी शिरणार नाही, बास. दोन-तीन बाजूंनी निघता आलं पाहिजे. हायमास्टचा उजेड वरून येतो, चेहऱ्यावर सावली पडते, समोरून येणारा कोण आहे कळत नाही, त्यापेक्षा खाली खाली जास्त दिवे लावा. आणि स्वच्छतागृह. चालू असलेलं, कडी असलेलं, पाणी असलेलं. ते नसेल तर बाई तिथे अर्धा तासच काढणार, मग तुम्ही संगमरवर लावा नाहीतर सोनं.

आणि एक, लहान मुलांना खेळायला काहीतरी ठेवा बसायच्या जागेच्या अगदी जवळ. मूल खेळतंय म्हटल्यावर आईला तिथे बसायचं कारण मिळतं, कोणी विचारत नाही 'इथे काय करतेस'. आपल्याकडे बाईला सार्वजनिक जागेत बसायला कारण लागतं हे दुर्दैव आहे पण आहे.

रेषाकार

@संध्याकाळ_७ हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या नकाशांवर माणसं काढतात ना छोटी छोटी, त्यात साडी नेसलेली बाई नेहमी चालतच असते, बसलेली कधी काढत नाहीत. आता लक्षात आलं.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, आमच्या नागपुरात ४५ डिग्रीत ग्रॅनाइटवर पापड भाजून घ्या लागते. एप्रिल-मे मध्ये दिवसभर तापलेला दगड रात्री नऊपर्यंत चटके देते, वर बसून पहा मंग समजन कदर काय अस्ते ते. न्यूयॉर्कवाले उन्हात बसाले मरतात, आपल्याले सावली पायजे. कडुनिंब, करंज, पिंपळ लावा आन् बुंध्यापर्यंत काँक्रीट नका ओतू. झाडं मोठी होईपर्यंत हिरवी जाळी नाहीतर बांबूचा मांडव टाका. पावसाळ्यात ग्रॅनाइटवर घसरून पडले तर वेगळंच.

मांडवीकाठ

पणजीहून. आमचं चर्च स्क्वेअरचं उद्यान (गार्सिया द ओर्ता, हे सोळाव्या शतकातले पोर्तुगीज वैद्य आणि वनस्पती अभ्यासक) बघितलं असेल तुम्ही. मध्ये बँडस्टँड, झाडं, बाक, चहूबाजूंनी रस्ता आणि रस्त्यापलीकडे दुकानं, कॅफे, वर ते पांढरं चर्च. उद्यान तसं लहानच. पण काठावरची दुकानं जिवंत आहेत म्हणून ते जिवंत आहे असं मला वाटतं. बँकेत आलेला माणूस, औषधं घ्यायला आलेला माणूस जाता जाता पाच मिनिटं टेकतो. ८ डिसेंबरच्या फेस्ताला सगळा परिसर फेरीने (म्हणजे जत्रेने) भरून जातो, त्यावेळी त्याच जागेचं रूपच वेगळं. म्हणजे रोजची पाच मिनिटं आणि वर्षातली जत्रा, दोन्ही एकाच ठिकाणी मावतात. कारंजं आणि पुतळा मध्ये आणून ठेवला की जत्रेला जागाच उरत नाही, हा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहिलं. तुमच्याकडे गणपती, आठवडी बाजार, भजनी मंडळ कुठे बसतं आता?

टपरीवाला_बंड्या

@मांडवीकाठ अगदी बरोबर, आठवडी बाजाराची एक रांग आधी तिथपर्यंत यायची, ती आता हायवेच्या कडेला गेली. गणपती मंडळाने मांडव रस्त्यावर घातला, पोलिसांशी वाजलं.

काल संध्याकाळी मुद्दाम चहा घेऊन समोर उभा राहिलो आणि कोण कुठे थांबतं ते बघितलं. गंमत म्हणजे ओळखीचे दोघं भेटले की ते बाजूला होत नाहीत, ऐन वाटेत, गेटच्या तोंडाशीच गप्पा मारत उभे राहतात, येणाजाणारे त्यांना चुकवून जातात. आणि बाई एकच बसलेली दिसली, फुलवाली, ती पण धंद्याला. संध्याकाळ_७ यांचा मुद्दा बैठकीत मी मांडण्यापेक्षा माझ्या बहिणीला न्यावं म्हणतो, ती माझ्यापेक्षा चांगली भांडते.

आता खाण्याचं. टपरीवाले परत आणा म्हटलं की अतिक्रमण, अस्वच्छता, हाच विषय होणार. (आयडीवर जाऊ नका, माझी टपरी नाही.)

रेषाकार

ऐन वाटेत उभं राहून गप्पा मारणं हे व्हाइटच्या फिल्ममध्ये पण दिसलं होतं, न्यूयॉर्कचे लोक पण डिट्टो तेच करतात.

खाण्याबद्दल, चहाची गाडी असली की तिथे माणूस थांबतो, थांबलेला माणूस बघून दुसरा थांबतो. शिवाय चहावाला म्हणजे फुकटचा वॉचमन, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत डोळे उघडे. तो गेला की टवाळखोरांना रान मोकळं. माझं मत विचाराल तर तुमच्या चौकातून टपऱ्या काढल्या त्या दिवशीच चौक मेला, ग्रॅनाइट तर नंतर आला.

सरळसोट

हे फारच रोमँटिक होतंय. मी रोज हातगाड्यांतून वाट काढत स्टेशनला जातो. दोन गाड्या म्हणता म्हणता वीस होतात, खरकटं गटारात, गॅस सिलिंडर फुटपाथवर, आणि बोललं की दादागिरी. जागा लोकांसाठी की धंद्यासाठी हे आधी ठरवा. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ एवढे रुंद केले, बसायला केलं, मुलांना खेळायला केलं, छान झालं, पण त्यावर टू-व्हीलर चढवणारे आपणच ना?

ओव्हरसियर

सरळसोट यांचं पण खोटं नाही. म्हणून तोंडी 'टपऱ्या येऊ द्या' म्हणू नका, कायद्यातून या. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. जागा आखून, संख्या ठरवून, सर्टिफिकेट देऊन गाड्या लावता येतात. आखलेले चौकोन, पाण्याचा नळ, खरकट्याचा ड्रम आणि सांडपाण्याचं कनेक्शन एस्टिमेटमध्येच धरायला सांगा, हे सगळं मोजता येतं. मोजता येतं ते मंजूर होतं. बसायच्या कठड्याला पण 'बाक' म्हणू नका, 'झाडाच्या आळ्याचं दगडी बांधकाम, उंची ४५ सेंमी, रुंदी ७५ सेंमी' असं लिहायला लावा. दगडी बांधकाम कोणी फार्महाऊसवर नेऊ शकत नाही.

आणि टू-व्हीलर अडवायला बोलार्ड (बुटके खांब), पण त्यांच्यात व्हीलचेअर जाईल एवढं अंतर ठेवा, नाहीतर अपंगांना पण अडवून बसाल.

जर्सीकर

अजून एक सुचवतो. सगळं एकदम पक्कं बांधू नका म्हणावं. २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवेचा भाग गाड्यांना बंद केला तेव्हा सुरुवातीला फक्त अडथळे उभे केले आणि बाजारातल्या स्वस्तातल्या लॉनच्या खुर्च्या आणून टाकल्या. लोकांनी त्या रंगीबेरंगी खुर्च्यांची टिंगल केली पण बसले. प्रयोग जमला म्हटल्यावर मग पुढच्या वर्षी कायम करायचं जाहीर केलं आणि बांधकाम त्यानंतर. तुम्ही पण एखादा महिना रेलिंगची एक बाजू काढून, मांडववाल्याकडून खुर्च्या आणि वर कापड टाकून बघा.

कट्टेकरी_दादर

पुण्यात लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात, तसंच एका आठवडी बाजाराच्या दिवशी करून बघा. त्या दिवशी माणसं असतातच.

टपरीवाला_बंड्या

हे भारी आहे. मांडववाला मित्रच आहे, खुर्च्या फुकट देईल, कापडाचे पैसे घेईल. रेलिंगचे नटबोल्ट आहेत, वेल्डिंग नाही, बघून आलो. पण परवानगीशिवाय हात लावला तर गुन्हा दाखल होईल ना?

ओव्हरसियर

होईल. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. नटबोल्टला हात लावू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, विषयात 'एक दिवसीय प्रायोगिक उपक्रम' असं लिहा, 'रेलिंग काढणे' हे शब्द विषयात नकोत, आत मजकुरात घाला. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा, आसपासच्या दुकानदारांच्या सह्या घ्या, मेडिकलवाल्याची आधी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. बैठकीच्या आधी द्या, म्हणजे तो विषय इतिवृत्तात येतो.